फकिराच्या मागे गॉर्की उभा आहे का?

अण्णा भाऊ साठ्यांचं नाव आलं की पाठोपाठ ‘महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की’ ही पदवी येतेच. जयंतीच्या फलकावर येते, सभेच्या प्रास्ताविकात येते, शाळेतल्या निबंधातही येते. लालबागच्या आमच्या काकांना ती मनापासून आवडते, मला खटकते. काका गिरगावातल्या एका छापखान्यात आधी जुळारी होते, पुढे मुद्रितशोधक झाले. दुसऱ्यांची पुस्तकं अक्षर न् अक्षर वाचण्यात त्यांची उमर गेली. मी कादंबऱ्या लिहिते, आणि सध्या हातात असलेली कादंबरी १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या लालबागमध्ये घडते. आवडता लेखक आपल्या लिहिण्यात कुठून शिरतो, काय देतो, काय घेऊन जातो, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. काकांशी त्यावरून वाद झाला तो इथे मांडते. जिथे आमचं पटलं नाही ते तसंच ठेवलं आहे.

“पदवीत तुला खुपतं काय ते आधी सांग,” काका म्हणाले.

“हेच, की पदवी दिली की ‘फकिरा’ वाचायची गरज उरत नाही. गॉर्की मोठा, अण्णा भाऊ त्याच्यासारखे, म्हणून तेही मोठे. मोठेपण सिद्ध करायला रशियातून दाखला आणायचा. वाटेगावचा माणूस वाटेगावच्या बळावर मोठा असू शकतो हे आपल्याला कबूल करवत नाही.”

“गॉर्की १८६८ चा, अण्णा भाऊ १९२० चे. आधीच्याचं नाव नंतरच्याला लागतं, यात कमीपणा कसला? तुकोबांनी ज्ञानोबांचं ऋण मानलं, म्हणून तुकोबा लहान झाले का?”

“ऋण तुकोबांनी स्वतः मानलं, काका. दुसऱ्या कुणी त्यांना ‘देहूचे ज्ञानेश्वर’ म्हणून हाक मारली नाही. आणि अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ कुणाला अर्पण केली ते बघा. १९५९ साली, कम्युनिस्ट चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने आपली सर्वांत मोठी कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. हा माणूस कुठून येतो आणि कुणासाठी लिहितो हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. आपण ते बाजूला सारून गॉर्कीचा शिक्का मारतो.”

“अर्पणपत्रिका म्हणजे आदर असतो. लिहायला कुणी शिकवलं हे तिथे लिहिलेलं नसतं.” काका ठामपणे म्हणाले. “मी शेकडो अर्पणपत्रिका जुळवल्यात. कुणी आईला, कुणी बायकोला, कुणी पुढाऱ्याला. त्यांच्यापैकी कुणी त्या लेखकाला प्रकरण कुठे संपवायचं ते दाखवलेलं नव्हतं.”

हा मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता. अण्णा भाऊंचं गॉर्कीवर प्रेम होतं यात वादच नाही. मुंबईत राहून १९४३ मध्ये स्टालिनग्राडवर पोवाडा रचणारा हा शाहीर. १९६१ मध्ये तो रशिया पाहून आला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिता झाला. त्या देशाशी त्याचं नातं पुढाऱ्यांमुळे जडलं तितकंच तिथल्या लेखकांमुळे. प्रश्न प्रेमाचा नाहीच. प्रेम कागदावर उतरलं तेव्हा त्याचं काय झालं, एवढाच आहे.

“दोघांची आयुष्यं ठेव ना शेजारी शेजारी,” काका म्हणाले. “गॉर्की लहानपणी पोरका. आजोळी वाढला, चिंध्या वेचल्या, जोड्यांच्या दुकानात राबला, मूर्ती रंगवणाऱ्यांच्या कारखान्यात उमेदवारी केली, व्होल्गेवरच्या आगबोटीत भांडी घासली. त्या बोटीवरच्या स्मूरी नावाच्या आचाऱ्याने त्याला पुस्तकांची गोडी लावली. आता इकडे बघ. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला मुलगा. शाळा जवळजवळ नाहीच. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली असं सांगतात. हमाली केली, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कॉम्रेड भेटले, तिथे डासांवर गाणं रचलं आणि शाहीर झाले. गॉर्की वाचताना या माणसाला काय वाटलं असेल? हे तर माझंच चाललंय!”

“वाटलं असेल. पण १९८२ च्या संपात उतरलेले गिरणी कामगार अडीच लाखांच्या घरात होते. चिंध्या वेचणं, हमाली, उपास हे त्यातल्या कितीतरी घरांत होतं. सगळ्यांच्या कादंबऱ्या झाल्या का? आयुष्य सारखं असलं म्हणून लेखन सारखं होत नाही.”

“अगं, मग तू माझंच म्हणणं बोलतेयस!” काका पुढे सरकून बसले. “आयुष्य लाखोंचं तसंच होतं. लेखक झाला तो, ज्याला कुणीतरी सांगितलं की हे लिहिण्याजोगं आहे. त्या काळची मराठी कादंबरी आठव. फडक्यांचे नायक, खांडेकरांचे ध्येयवादी तरुण. शिकलेली, सुस्थितीतली माणसं, नाहीतर त्यांच्या मनातला गरीब. मांगवाड्यातला माणूस कादंबरीत असला तर निरोप घेऊन यायचा आणि दारातूनच परत जायचा. अशा वेळी कुणीतरी तुमच्यासारखाच उपाशी वाढलेला माणूस चोराला, भटक्याला, भट्टीवरच्या मजुराला पानाच्या मधोमध आणून बसवतो, आणि त्याची पुस्तकं जगभर वाचली जातात. हे कळलं की आपल्या गल्लीकडे बघायची नजर बदलते. गॉर्कीने अण्णा भाऊंना एवढंच दिलं. पण एवढं मिळायला मराठीत दुसरी जागा नव्हती.”

“मामा वरेरकर होते. ‘धावता धोटा’ १९३३ ची. गिरणी कामगारांची कादंबरी.”

“होती, आणि मामांचं ते धाडसच. पण मामांचा आवडता लेखक कोण? बंगालीतले शरदबाबू. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, मराठी घरांत शरदबाबू घरच्यासारखे झाले ते मामांमुळे. शरदबाबूंची माया फार मोठी, पण ती माया करणाऱ्याची जागा सुरक्षित असते. मामा गिरणीत शिरले ते कळवळ्याने शिरले. अण्णा भाऊंना शिरावं लागलं नाही.”

वरेरकर-शरच्चंद्र ही जोडी मला या वादात फार महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. अनुवाद करणं म्हणजे आवडत्या लेखकाच्या शेजारी बसून त्याचं प्रत्येक वाक्य पुन्हा घडवणं. त्याहून जवळची शागिर्दी कुठली? विधवेचं, परित्यक्तेचं मन कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवण्याचं बळ मामांना कुठून मिळालं असेल, याचा शोध घ्यायला त्यांचे बंगालीतले अनुवाद हीच पहिली जागा आहे. अण्णा भाऊंची गोष्ट अगदी वेगळी. त्यांना रशियन येत नव्हती. गॉर्की त्यांच्यापर्यंत पोहोचला तो इतरांच्या भाषेतून, चळवळीतल्या माणसांच्या बोलण्यातून, पार्टीच्या वर्तुळात हातोहात फिरणाऱ्या पुस्तकांतून. गॉर्कीचं वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नाही.

हे मी काकांना म्हटलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जुळाऱ्याचं एक सांगतो. हस्तलिखित समोर, डावीकडे स्टिक, उजवा हात केसमधून खिळे उचलतोय. डोकं दुसरीकडे असलं तरी हात वाक्य शिकतो. एका लेखकाचे पाच-सहा फर्मे जुळवले की त्याचा पूर्णविराम कुठे येणार ते बोटांना आधी कळतं. एकदा एका मोठ्या लेखकाचं पुस्तक जुळवत होतो, तेव्हा घरी गावाला पत्र लिहिलं तर ते त्याच्याच थाटात उतरलं. बायको म्हणाली, हे काय लिहिलंयत?”

“म्हणजे जवळचा लेखक भाषेतून शिरतो.”

“आणि लांबचा?”

“लांबच्याची भाषा गळून पडते. उरतं ते त्याचं उभं राहणं. तो कुठे उभा राहून बघतो, कुणाकडे बघतो, कुणाला बोलू देतो. गॉर्कीकडून अण्णा भाऊंना तेवढंच येऊ शकत होतं. बाकी सगळं त्यांना घरचं वापरावं लागलं.”

“मग झालं की. वाद संपला.”

“नाही संपला. घरचं म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कसा संपेल?”

‘फकिरा’ची पानं उलगडली की घरचं काय ते दिसतं. गावाच्या जत्रेचा मान मिळवण्यासाठी शेजारच्या गावातून जोगणी आणायची, ती आणताना रणोजीचा जीव जातो. त्याचा मुलगा फकिरा पुढे दुष्काळात सरकारी खजिना लुटतो आणि उपाशी माणसांना जगवतो. मांगांना गुन्हेगार ठरवून हजेरीला उभं करणारं इंग्रज सरकार त्याच्या मागे लागतं. बायकापोरांना धरलं जातं तेव्हा तो स्वतःहून हजर होतो. या कथेतली प्रत्येक गाठ मानाची आहे. गावाचा मान, बापाचा मान, शब्दाचा मान. पात्रं बोलतात तेव्हा समोर माणसं बसली आहेत आणि ती हुंकार भरताहेत असं वाटतं. नायक येतो तो पोवाड्यातल्या वीरासारखा येतो. लढाईचं वर्णन डफावर म्हणता येईल इतकं थेट. हा फकिरा अण्णा भाऊंच्या आजोळच्या नात्यातला, लहानपणापासून ऐकलेला. ही सामग्री गॉर्कीकडे नव्हती आणि असण्याचं कारणही नव्हतं. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला तेव्हा महाराष्ट्राने एका पोवाड्यालाच कादंबरी म्हणून मान्यता दिली, असं मी म्हणेन.

“ती शाहिरी तर १९४४ पासून लाल बावटा कलापथकात चाललीच होती,” काका म्हणाले. “अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णा भाऊ. परळ-लालबागच्या मैदानांत, गिरण्यांच्या गेटांवर. तमाशाचा गण त्यांनी घेतला, पण गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि शहिदांना वंदन केलं. साचा जुना, माणूस नवा. हे करायचं डोकं कुठून आलं?”

“गॉर्कीकडून म्हणता?”

“नुसत्या गॉर्कीकडून नाही म्हणत. पण गॉर्की त्यात आहे. शाहीर राजाचा पराक्रम गातो. मांगाचा पराक्रम राजाच्या तोलाने गावा, हे शाहिरीत आपोआप येत नाही गं. त्यासाठी बाहेरचं एक खिडकीएवढं भोक पडावं लागतं.”

“ते भोक बाबासाहेबांनी पाडलं. १९२७ ला महाडच्या सत्याग्रहात पाडलं. लेबर कॅम्पात अण्णा भाऊंना भेटलेले आर. बी. मोरे महाडच्या संघटकांपैकीच होते आणि कम्युनिस्टही होते. त्या एका वस्तीत दोन्ही वारे वाहत होते. गॉर्की हा त्यातला एक. एकटा नाही.”

काकांनी मान डोलावली, पण हार मानली नाही. ते उठून कपाटातून एक जुनं पुस्तक घेऊन आले. सोव्हिएत काळात मराठीत आलेली ती स्वस्त, पक्क्या बांधणीची पुस्तकं या भागातल्या कितीतरी घरांत होती. प्रभादेवीच्या लोकवाङ्मय गृहातून, चळवळीच्या मेळाव्यातल्या टेबलांवरून ती घरी आली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि त्या स्थलांतरात यातली बरीच रद्दीत गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. गिरणगावाच्या वाचनाचा तो इतिहास कुणीतरी घरोघर फिरून लिहायला हवा.

“‘चेल्काश’ वाचलीयस?” काकांनी विचारलं.

वाचली होती. १८९५ सालची कथा. काळ्या समुद्रावरच्या बंदरातला एक जुना चोर, चेल्काश. गावाकडून आलेल्या एका गरीब पोराला, गाव्रिलाला, तो रात्रीच्या चोरीसाठी होडी वल्हवायला नेतो. चोरी होते, पैसे मिळतात, आणि पैसे बघून पोराची नियत फिरते. तो दगड उचलून चेल्काशच्या डोक्यात घालतो. तरी शेवटी चेल्काश एक नोट ठेवून बाकीचे सगळे पैसे त्यालाच देऊन टाकतो आणि निघून जातो.

“आता ‘स्मशानातील सोनं’ शेजारी ठेव,” काका म्हणाले, “आणि मला सांग की यात नातं नाही.”

‘स्मशानातील सोनं’ मराठीतल्या सर्वोत्तम कथांपैकी एक आहे, हे मी कुणाशीही वाद घालून म्हणेन. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडायचं काम करतो. खाण बंद पडते. बायको आहे, पोर आहे. हताश होऊन हिंडताना त्याला प्रेताच्या राखेत अंगठी सापडते. तो राख चाळू लागतो, सोनं विकू लागतो. पुढे पुरलेली प्रेतं उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत तो प्रेत बाहेर काढतो, तोंडात सोनं आहे का हे बघायला बोटं घालतो, आणि जबडा मिटतो. बोटं अडकतात, चिरडतात, शेवटी कापावी लागतात. आणि तेव्हाच कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

“नातं आहे,” मी म्हणाले. “काठावरचा माणूस, रात्र, चोरी, पोट. कायद्याच्या बाहेर गेलेल्या माणसाकडे लेखक तिरस्काराने बघत नाही, हेही सारखं. पण काका, दोघांत फरक किती आहे ते बघा. चेल्काश मोकळा आहे. त्याला घर नाही, कुणाचं देणं नाही. म्हणून तो पैसे फेकू शकतो, आणि फेकल्यावर उंच होतो. गॉर्की त्या मोकळेपणावर भाळलेला आहे. गाव, जमीन, बैल यांचं स्वप्न बघणारा गाव्रिला त्याच्या डोळ्यांत लहान ठरतो. अण्णा भाऊंच्या कथेत नायक कोण आहे? गाव्रिलाच आहे! गावाकडून आलेला, संसार असलेला, पोराच्या तोंडात घास घालायचा असलेला. गॉर्कीने ज्याला खाली ठेवलं, त्याला अण्णा भाऊंनी मधोमध आणून बसवलं.”

काका काहीच बोलले नाहीत.

“आणि भीमाची चोरी बघा. तो चोरासारखी चोरी करतच नाही, तो कामावर गेल्यासारखा स्मशानात जातो. राख चाळणं, उकरणं, पहारेने माती काढणं. खाणीतलं कौशल्यच तिथे वापरतो. हात रिकामे बसू शकत नाहीत म्हणून तो मेलेल्यांत काम शोधतो. शिक्षाही होते ती हातांनाच. पोलीस पकडत नाहीत, देव शाप देत नाही. ज्या बोटांनी दगड फोडायचा ती बोटंच जातात, आणि काम परत आलेलं असतं. हे बेकारीचं आकलन आहे. मजुराच्या दृष्टीने सर्वांत मोठं भय कुठलं हे ज्याला आतून माहीत आहे त्यालाच हा शेवट सुचतो. भटक्यावर प्रेम करणाऱ्या गॉर्कीला हा सुचला नसता.”

“म्हणजे शागिर्दाने गुरूला उत्तर दिलं.”

“उत्तर देण्यासाठी लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण आवडता लेखक तुमच्यात खरोखर उतरला आहे का, हे ओळखायची जागा हीच. साम्य दाखवून काही कळत नाही. तो जिथे थांबला तिथून तुम्ही कुठे वळलात ते बघावं लागतं.”

“पण वळायला आधी त्याच्या रस्त्यावर असावं लागतं,” काका म्हणाले. “हे तू विसरतेयस. गॉर्कीने चोराला मधोमध आणलं नसतं तर गाव्रिलाला उचलायची जागाच तयार झाली नसती.”

इथे काकांचं बळ आहे, आणि ते मला मान्य करावं लागतं. माझी अडचण तरीही उरतेच, कारण ‘गॉर्की’ हा शिक्का एकट्या अण्णा भाऊंवर मारलेला नाही. प्रेमचंदांनाही भारताचे गॉर्की म्हटलं गेलं. तेच प्रेमचंद १९३४ मध्ये सिनेमासाठी लिहायला मुंबईत आले, दादरला राहिले, आणि गिरणी मजुरांवरच्या त्यांच्या कथेवर निघालेल्या चित्रपटावर मुंबईत बंदी आली. १९३६ च्या जूनमध्ये गॉर्की गेला तेव्हा प्रेमचंद स्वतः आजारी होते, तरी शोकसभेसाठी त्यांनी भाषण लिहिलं. त्यांचंही प्रेम खरंच होतं. पण प्रेमचंदांचा शेतकरी आणि अण्णा भाऊंचा मांग वीर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक सोसत सोसत संपतो, दुसरा तलवार उचलतो. दोघांना एकच नाव दिलं की दोघांचंही वेगळेपण पुसलं जातं. गरिबांवर लिहिलं की गॉर्की, एवढाच त्या नावाचा अर्थ उरतो, आणि बिचाऱ्या गॉर्कीवरही तो अन्यायच.

“तुझं काय पण?” काकांनी विचारलं. “तू लिहायला बसतेस तेव्हा टेबलावर कोण असतं?”

“कुणी नसतं. बाबूराव बागूल कपाटात असतात आणि कपाट बंद असतं.”

“का?”

“कारण ते फार जवळचे आहेत. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ ची, ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ ची. ज्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊ घडले त्याच लेबर कॅम्पातले. माझी माणसं राहतात त्यापासून दोन-तीन स्टेशनांवर. बागूल वाचून लगेच लिहायला बसलं की त्यांचा संताप माझ्या पानावर येतो. माझी पात्रं चिडतात, पण ती चीड त्यांची नसते. संपानंतरच्या लालबागमधला माणूस बरेचदा चिडत नाही, काका. तो गप्प बसून पेपर वाचतो. त्याचा मुलगा मॉलमध्ये सिक्युरिटीला उभा असतो, जिथे बाप लूमवर उभा होता त्याच जमिनीवर. त्या गप्प बसण्याला मला भाषा शोधायचीय. बागुलांची भाषा तिथे चालत नाही, आणि मला ती इतकी प्रिय आहे की ती दुसरी भाषा शोधूच देत नाही.”

“मग गॉर्की वाच,” काका लगेच म्हणाले. “मी तेच तर म्हणतोय इतका वेळ. लांबचा लेखक तुझं वाक्य पळवून नेत नाही. अण्णा भाऊंना गॉर्की लाभला तो लांबचा होता म्हणून. शेजारच्या घरातला असता तर त्यांनी त्याची नक्कल केली असती.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. लिहिणाऱ्याला दोन प्रकारचे गुरू लागतात आणि त्यांच्याशी वागायची रीत वेगळी ठेवावी लागते, असं मला त्यानंतर वाटू लागलं आहे. आपल्या भाषेतला, आपल्या गल्लीतला मोठा लेखक ऐन लिहिण्याच्या दिवसांत दूर ठेवावा, आणि लिहून झाल्यावर त्याच्यासमोर आपलं पान धरून बघावं. परभाषेतला मात्र रोज सोबत असला तरी चालतो. त्याचा सूर आपल्या घशातून निघूच शकत नाही, त्यामुळे आपला सूर काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अण्णा भाऊंच्या गळ्यात शाहिरीचा सूर आधीच तयार होता, हे त्यांचं भाग्य. ज्याच्याकडे असा सूर नाही त्याला लांबचा गुरू पुस्तकी करून सोडतो. मराठीत असे पुस्तकी क्रांतिकारक नायक कमी झालेले नाहीत. त्यांच्या तोंडी भाषण असतं, भूक नसते.

अण्णा भाऊंच्या नावावर ३५ कादंबऱ्या सांगितल्या जातात. त्यातल्या काही घाईच्या आहेत, योगायोगांवर चाललेल्या आहेत. त्याचा दोष मी गॉर्कीला देत नाही, त्यांच्या राजकारणालाही देत नाही. लेखणीवर चूल पेटवावी लागणाऱ्या माणसाला एकेका कादंबरीत वर्षं घालवता येत नाहीत. १९६९ मध्ये ते गेले, पन्नाशीही गाठली नाही. गॉर्कीला हयातीतच जगभर वाचक आणि मानमरातब मिळाले. दोघांची तुलना करायचीच असेल तर ती इथून करावी, म्हणजे कुणी किती कमी साधनांत काय उभं केलं हे दिसेल.

“नारायण सुर्व्यांना विसरू नकोस,” काका म्हणाले. “गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सापडलेलं मूल वाढवलं, परळच्या चाळीत. ते मूल १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ नावाचा संग्रह घेऊन उभं राहतं. गॉर्कीच्या आत्मचरित्राचा तिसरा खंड आठवल्याशिवाय राहतो का? आणि कविता वाचलीस तर व्होल्गेचा थेंब नाही, सगळं परळ आहे. नाव त्याचं, विद्यापीठ आपलं. तुला हवं तेच.”

“हो. सुर्व्यांनी ते उघडपणे केलं, म्हणून मला ते जास्त आवडतं. नावात नमस्कार केला आणि आत आपली वाट धरली. पण सुर्व्यांना कुणी गॉर्की म्हणत नाही, ‘कामगारांचे कवी’ म्हणतात. अण्णा भाऊंनाही त्यांचं नाव पुरेसं आहे.”

आमच्या वादाचं खरं टोक निघालं ते काकांच्या चाळीतल्या एका मुलामुळे. कॉलेजात जाणारा आहे, लिहायची इच्छा आहे, आणि काय वाचू म्हणून काकांकडे येतो. काकांनी त्याला देण्यासाठी गॉर्कीचं ‘माझे बालपण’ बाजूला काढून ठेवलं होतं.

“आधी ‘फकिरा’ द्या,” मी म्हणाले.

“का? गॉर्की वाचून त्याला कळेल की आपल्या चाळीतही कादंबरी आहे.”

“त्याला असंही कळेल की कादंबरी होण्यासाठी चाळीने रशियासारखं दिसायला हवं. ‘फकिरा’ वाचल्यावर त्याच्या कानाला कळेल की आजीच्या तोंडची भाषा छापता येते. हे कळलेल्या माणसाला मग जगातला कुठलाही लेखक वाचायला दिला तरी भीती नाही.”

“आणि ‘फकिरा’ त्याला गावाकडची वाटली तर? त्याने वारणा बघितलेली नाही. त्याला वाटेल हे आजोबांचं, माझं नाही.”

“मग ‘स्मशानातील सोनं’ द्या. ती मुंबईची आहे. काम गेलेल्या बापाचं घर त्याला समजावून सांगावं लागणार नाही.”

“ती वाचल्यावर तो विचारेल, या माणसाने कुणाला वाचलं होतं? हे लिहिणारे सगळे विचारतात.”

“विचारू दे. विचारलं की द्या गॉर्की. आधी नका देऊ.”

काकांनी ‘माझे बालपण’ कपाटात परत ठेवलं नाही, टेबलावरच राहू दिलं. “दोन्ही देईन,” ते म्हणाले. “कुठलं आधी उघडायचं ते त्याचं तो ठरवेल.”

“तर ‘फकिरा’ वर ठेवा,” मी म्हणाले.